जुन्या कंपनीने तीन महिन्यांसाठी परत बोलावलंय, जावं का?

आधी तुमची परिस्थिती मला जशी समजली तशी मांडतो. लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात, तुम्ही 11 वर्षं काढलीत. चार महिन्यांपूर्वी तुमच्यासकट 14 जणांना कमी केलं. ग्रॅच्युइटी अजून 'प्रोसेसमध्ये' आहे. गेल्या आठवड्यात जुन्या साहेबांचा फोन आला की परदेशी कस्टमरचं ऑडिट आहे, तीन महिने येऊन जा, पुढचं मग बघू. दुसरीकडे महाडच्या एका कंपनीत पहिली मुलाखत झालीय आणि दुसरीचं बोलावणं कधीही येईल. बायको म्हणते जा. वडील म्हणतात, ज्यांनी काढलं त्यांच्या दारात परत कशाला.

मी रायगड-रत्नागिरीच्या कारखान्यांत 27 वर्षं पर्सोनेल खात्यात होतो. माणसं घेण्याची पत्रं लिहिली तशीच काढण्याचीही लिहिली. आता चिपळूणला घरूनच कामगार आणि छोट्या कंपन्यांना सल्ला देतो. हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाचदा तरी येतो, आणि येणारा प्रत्येक जण 'जाऊ की नको' असंच विचारतो. मी त्याला उलट विचारतो, जाणार ते कोण म्हणून? जुना नोकर म्हणून, की एक ठरावीक काम करून देणारा माणूस म्हणून? याचं उत्तर पक्कं झालं की जायचं की नाही हे बहुतेकदा आपोआप सुटतं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मी 46 वर्षांचा असताना आमच्या कंपनीने 23 जणांची यादी करायला सांगितली. मी केली, पत्रं टाइप करून घेतली, सह्या घेतल्या. दीड महिन्याने चोविसावं पत्र मला मिळालं. त्यानंतर तीन आठवड्यांनी फोन आला. त्या 23 जणांचे हिशोब अडकलेत, कागद कुठे आहेत ते तुम्हालाच ठाऊक, दोन महिने या. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. किती पैसे, कधीपर्यंत, काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर बोलावलं याचाच आनंद झाला होता.

गेटवर जो वॉचमन मला नऊ वर्षं सलाम करायचा त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. "सायब, येवडं नाव लिवा. माजा नायलाज हाय." मी नाव लिहिलं, 'कोणाला भेटायचं' या रकान्यात माझ्याच जुन्या खात्याचं नाव लिहिलं, आणि त्याने माझ्या खिशाला व्हिजिटरचा लाल बिल्ला लावला. आत माझ्या कपाटाला दुसऱ्या कोणाचं तरी कुलूप होतं. त्या बिल्ल्याचं मला इतकं लागलं की दुपारी जेवायला कँटीनमध्ये गेलोच नाही. आता वाटतं, तो बिल्ला हीच त्या दिवसातली सगळ्यात खरी गोष्ट होती. मी पाहुणा होतो आणि ते फक्त वॉचमनला कळलं होतं. मी मात्र जुन्या खुर्चीत बसून जुन्यासारखा राबत राहिलो. दोन महिन्यांचे सात झाले. मधल्या काळात रोह्याहून एक चांगला निरोप आला होता. 'इथे परत कायम करतील' या आशेवर मी तो लांबवत गेलो आणि ती जागा भरली गेली. सातव्या महिन्यात कंपनीने मला दुसऱ्यांदा नारळ दिला. या खेपेला पत्रसुद्धा नव्हतं.

म्हणून तुमच्या साहेबांच्या बोलण्यातला 'पुढचं मग बघू' हा तुकडा मला नको वाटतो. तीन महिने हे काम आहे. 'मग बघू' हे आमिष आहे. ते मुद्दाम टाकलेलं असेलच असं नाही, साहेबांच्या मनात खरंच तसं असेलही. पण भरती साहेब करत नाहीत, मंजुरी मुंबईच्या ऑफिसातून येते, आणि ज्या ऑफिसने चार महिन्यांपूर्वी 14 माणसं कमी केली त्याचं मन तुमच्या ऑडिटमुळे बदलेल यावर मी पैज लावणार नाही.

आता, तुम्हाला नेमकं कशासाठी बोलावलंय ते शोधा. ऑडिट हे कारण खरं असणार, पण त्यात दोन प्रकार असतात. एक, नवीन माणसाला एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रावरच्या पद्धती, व्हॅलिडेशनच्या (पद्धत बरोबर चालते याच्या पुराव्याच्या) फाइली, जुने डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याच्या नोंदी) सापडत नाहीत आणि ऑडिटरसमोर बोलणारं कोणी नाही. हे सरळ काम आहे, तुमच्या हातचं आहे, खुशाल करा. दुसरा प्रकार वाईट. तुम्ही गेल्यावर चार महिन्यांत लॉगबुकं अर्धी राहिलीत, कॅलिब्रेशनच्या नोंदी नाहीत, आणि त्या 'पूर्ण करायला' अनुभवी हात हवाय. क्यूसीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. मागच्या तारखेची एकही सही करू नका. ज्या दिवशी तुम्ही कंपनीच्या मस्टरवर नव्हता त्या दिवसाच्या कागदावर तुमची सही सापडली, तर कंपनी म्हणेल आम्हाला माहीत नाही, आणि या पट्ट्यात क्यूसीच्या माणसाचं नाव एकदा खराब झालं की महाडपासून मिरजोळ्यापर्यंत ते त्याच्या आधी पोचतं. तुमच्याबरोबरचा जो कोणी अजून आत आहे त्याला चहाला गाठा आणि विचारा, सध्या फाइली कोण बघतंय, कोणी मधेच सोडून गेलंय का. पंधरा मिनिटांत चित्र कळेल.

या चौकशीत आणखी एक विचारा: तुमच्या खुर्चीत जो ज्युनिअर बसलाय त्याला तुम्ही येताय हे माहीत आहे का? नसेल तर पहिला महिना त्याच्या गुरगुरण्यात जाईल. आणि ते बाकीचे 13 जण. त्यांना हे तुमच्याकडूनच कळू द्या. शिमग्याला पालखीपुढे सगळे एकत्र भेटणार आहात.

आता पैशांकडे येऊ. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं पान हेच आहे, आणि तुम्ही ते प्रश्नात एका ओळीत उरकलंय. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर त्यावर व्याज लागतं. ढोबळ हिशोब असा: शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) धरायचा, 15ने गुणायचं, 26ने भागायचं, आणि वर्षांनी गुणायचं. समजा तुमचा आकडा 24,000 असेल तर 11 वर्षांचे 1,52,000च्या थोडे वर होतात. ही कंपनीची मेहेरबानी नाही, तुमचे साठलेले पैसे आहेत. चार महिने फाइल हलली नाही, कारण ती हलवायची कोणाला घाई नव्हती. आज त्यांना घाई आहे. तेव्हा हिशोब आधी, गेट नंतर. हे भांडून सांगायची गरज नसते. "साहेब, येतो की, पण जुना हिशोब बंद झाला की नवीन चालू करायला मलाही बरं, अकाउंट्सलाही बरं," एवढं पुरतं. बहुतेकदा आठवड्यात पैसे येतात. मी टेबलाच्या त्या बाजूला बसून हे कैकदा पाहिलंय.

कमी करतानाचं तुमचं पत्र बाहेर काढा आणि त्यात कुठला शब्द आहे ते बघा. आपण सगळेच 'ले-ऑफ' म्हणतो, पण कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम नसणं. नाव मस्टरवर राहतं आणि पात्र कामगाराला बेसिक-डीएच्या निम्मी भरपाई मिळते. कायमचं कमी करणं ती रिट्रेंचमेंट, म्हणजे कपात. तिच्यात दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून असतो, शिवाय नोटीस किंवा नोटिशीचा पगार. आणि तिसरा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो: "राजीनामा लिहून द्या, तुमचंच रेकॉर्ड चांगलं राहील." तसा राजीनामा दिला असेल तर कपातीची भरपाई मागणं अवघड होतं, ग्रॅच्युइटी मात्र बुडत नाही. पत्र कपातीचं असेल तर आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. 21 नोव्हेंबर 2025पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कपातीपासून एका वर्षाच्या आत कंपनी माणसं घेणार असेल तर कपात झालेल्या कामगारांना आधी संधी द्यायची आहे. तुम्ही कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' बसता का, हे मात्र हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष कामावर ठरतं. हाताखाली माणसं घेऊन देखरेख करत होता, की स्वतः बेंचवर टेस्टिंग करत होता? हे न कळता मी इथून ठाम काही सांगणार नाही. पत्र घेऊन कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाकडे एकदा जाऊन या.

पीएफला हात लावू नका. 11 वर्षांमुळे पेन्शनसाठीची 10 वर्षांची अट तुम्ही ओलांडलीय. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, तोच राहतो, पुढे कुठेही लागलात तरी जोडला जाईल.

आता परत जायचं ते कुठल्या वाटेने? वाटा तीन. कंपनीच्या रोलवर ठरावीक मुदतीचं पत्र, लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर, किंवा कन्सल्टंट म्हणून बिल लावून. कॉन्ट्रॅक्टरची वाट मी तुमच्यासाठी बाद करतो. तेच काम, कमी पैसे, आणि महाडवाल्यांना सांगताना 'त्याच कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर' हे वाक्य तुमचा भाव पाडतं. उरलेल्या दोनांत केमिकल प्लांटमध्ये माझं मन पहिल्या वाटेकडे झुकतं, आणि त्याचं कारण पगार नाही, अपघात आहे. रोलवरच्या माणसाला काही झालं तर भरपाईचा कायदा त्याच्या पाठीशी असतो, ग्रुप इन्शुरन्स असतो. कन्सल्टंट म्हणजे लाल बिल्ला. लॅब असली तरी सॅम्पल घ्यायला प्लांटमध्ये जावंच लागतं, आणि लोट्याची हवा तुम्हाला मी सांगायला नको. कन्सल्टंट म्हणूनच जायचं ठरलं तर तीन महिन्यांसाठी अपघात विमा कोण काढणार हे आधी लिहून घ्या, नाहीतर स्वतः काढा आणि त्याचा खर्च दरात धरा.

दराचं गणित साधं आहे. समजा जुना पगार सगळं धरून 42,000 होता. 26 दिवसांनी भागलं तर दिवसाचे 1,600च्या आसपास. पण कन्सल्टंटला पीएफ नाही, बोनस नाही, भरपगारी रजा नाही, मेडिक्लेम नाही, आणि कंपनीच्या बसमध्ये जागाही नाही. चिपळूणहून परशुराम घाट ओलांडून रोज स्वतःच्या पेट्रोलने जायचं. त्यामुळे मी दीडपट ते दुप्पट सांगतो, म्हणजे दिवसाचे 2,400 ते 3,200. व्यावसायिक फी म्हणून दिले तर त्यातून 10 टक्के टीडीएस कापला जाईल, त्याचा हिशोब रिटर्नमध्ये होतो. जुन्या पगारात कन्सल्टंट म्हणून जाणं म्हणजे पगार कमी करून जाणं, हे लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. दर सांगताना जीभ अडखळत असेल तर घरी दोनदा मोठ्याने म्हणून बघा. हसू नका, मी म्हटला होता.

वडिलांच्या मुद्द्याबद्दल. ते चुकीचं बोलत नाहीत, पण दार तेच असलं तरी तुम्ही वेगळ्या नात्याने जाऊ शकता. पावसाळ्यात कौलं शाकारायला येणारा माणूस घरात येतो, काम करतो, पैसे घेतो, जातो. त्याला कोणी लाचार म्हणत नाही, कारण तो कधी जाणार हे त्यालाही माहीत असतं आणि घरालाही. अपमान वाटायला लागतो तो काम संपल्यावरही आपण ओटीवर बसून राहिलो की. तुमच्या मनात राग असेल तर तो असू दे, चार महिन्यांत जात नाही. फक्त स्वतःला विचारा, साहेबांच्या केबिनमध्ये बसून 'या फाइलीत हे राहिलंय' असं थंड डोक्याने सांगता येईल का? नाही येणार असं वाटत असेल तर जाऊ नका. हे कारण पुरेसं आहे, दुसरं शोधायची गरज नाही.

नाही म्हणायचं ठरलं तरी तोंड गोड ठेवून म्हणा. पुण्यात माणूस नाही म्हणून गर्दीत हरवतो. आपल्याकडे लोटे, खेर्डी, गाणे-खडपोली, महाड एवढ्यातच सगळे फिरत असतात, आणि महाडचा मुलाखत घेणारा तुमच्या साहेबांबरोबर कधीतरी एकाच शिफ्टला असण्याची शक्यता चांगलीच आहे. फोनवर दोन तास विनामूल्य मदत करायची तयारी दाखवा, तेवढ्याने नातं टिकतं. दोन तास, दोन आठवडे नाही.

घरचा हिशोब तुम्ही लिहिलेला नाही. हप्ते आणि घरखर्च धरून हातातले पैसे किती महिने पुरतील? तीनपेक्षा कमी असतील तर जा. वरच्या सगळ्या अटी पदरात पडल्या नाहीत तरी जा, फक्त ग्रॅच्युइटी आणि मागच्या तारखेच्या सह्या या दोन गोष्टींवर हटून राहा. सहा महिने निघत असतील तर तुम्ही अटी घालू शकता, घाला. मधल्या मंडळींचं महाडवर अवलंबून आहे. बागेचं उत्पन्न यात धरू नका. मोहोर बघून मांडलेला हिशोब आपल्याकडे कोणाचा जुळलाय?

तुमच्या सांगण्यावरून माझा कल जाण्याकडे आहे. काम तुमच्या हातचं आहे, ऑडिटची तारीख ठरलेली असल्यामुळे शेवटही ठरवता येतो, आणि परदेशी कस्टमरचं ऑडिट पार पाडलं ही ओळ महाडला उपयोगी पडेल. पण फोनवर हो म्हणू नका. "काम काय, कुठल्या तारखेपर्यंत, दर काय, एवढं ईमेलवर टाका, मी उद्या उत्तर देतो" असं सांगा. साहेबांनी ईमेल टाळली तर तुम्ही स्वतः लिहा: आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक काम, अमुक तारीख शेवटची, पैसे दर महिन्याच्या अमुक दिवशी, सीओएवर (मालाच्या तपासणीच्या दाखल्यावर) आणि बॅचच्या कागदांवर सही कंपनीच्या माणसाची, मी तपासून टिपण देईन, आणि मुलाखतीसाठी महिन्यातून दोन दिवस आधी कळवून सुट्टी. शेवटची अट ऐकून साहेब नाराज होतील असं वाटतं, पण होत नाहीत. तुम्ही बाहेर बघताय हे त्यांना माहीत असतं. उलट तुम्ही कायमचं मागणार नाही म्हणून त्यांनाही हायसं वाटतं. शेवटच्या तारखेनंतर थांबवायचं असेल तर नवीन ईमेल, नवीन दर. माझे सात महिने झाले ते याच एका ईमेलअभावी.

महाडलाही लपवू नका. "जुन्या कंपनीने ऑडिटपुरतं बोलावलंय, अमुक तारखेला मोकळा होतो" हे सांगण्यात कमीपणा काही नाही. कामात कमी पडला म्हणून काढलेल्या माणसाला कोणी परत बोलावत नाही, बोलावलं म्हणजे कामात खोट नव्हती, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

आणि पत्र हातात आलं की सही करण्याआधी दोन ओळी शोधा. एचआरची पत्रं जुन्या नमुन्यावरून उतरवलेली असतात, त्यामुळे त्या नकळतही राहून गेलेल्या असतात. पहिली, 'माझा कंपनीवर पूर्वीचा कोणताही दावा शिल्लक नाही.' ग्रॅच्युइटी खात्यात जमा झालेली नसेल तर ती खोडून घ्या. दुसरी नोटीस पिरियडची. तीन महिन्यांच्या पत्रातही एक महिन्याची नोटीस छापलेली असते, आणि महाडने पंधरा दिवसांत हजर व्हा म्हटलं तर तीच आडवी येईल. तिथे सात दिवस लिहून घ्या.